कागदाच्या मागच्या बाजूची बाई

वडील गेल्यावरच आईनं मला सांगितलं. बाबांची गिरणी बंद पडल्यानंतर ती आम्हाला सांगायची तशी शाळेत शिपाईण म्हणून जात नव्हती. चित्रकलेच्या कॉलेजात मुलांसमोर बसत होती. कधी लुगडं नेसून, कधी पाठ उघडी टाकून. लालबागच्या आमच्या चाळीत कुणाकडे काय शिजतंय ते चार खोल्यांपलीकडे कळतं, तिथे हिनं इतकी वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही! माझ्या भावाला राग आला. मला रडू आलं.

तेव्हापासून तिचा एकच ध्यास. आपलं एखादं चित्र कुठेतरी असेल, ते डोळे मिटायच्या आत बघायचं. तरुणपणीचा तिचा एकही फोटो घरात नाही. लग्नातला होता, तो वाळवीनं खाल्ला. मी कॉलेजात जाऊन विचारलं. तिथले म्हणाले, मुलांची चित्रं कोण जपतंय? ज्याची त्यानं नेली, उरलेली रद्दीत गेली.

फोर्टात जुन्या परदेशी चित्रांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा निदान दुसऱ्यांची तरी बघ म्हणून तिला टॅक्सीत घालून नेलं. गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत आली.

एका कागदापाशी ती थांबली. एकोणिसाव्या शतकातल्या कुण्या फ्रेंच चित्रकाराचा. नाव काही माझ्या जिभेला वळलं नाही. कागदाच्या दोन्ही बाजूंना त्यानं एकाच बाईला काढलं होतं, म्हणून दोन काचांमध्ये धरून तो दालनाच्या मधोमध उभा केला होता. "फ्रेंच असला तरी काटकसरी हं," मी म्हटलं. आई हसली नाही. पुढच्या बाजूला बाई हात उंचावून उभी, पापण्यासुद्धा काढलेल्या. मागे तीच बसलेली. खांदे, गुडघे, पावलं, सगळं होतं. चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा गोल.

आई त्या बाजूला गेली ती तिथून हलेचना.

"हिनंपण सांगितलं असेल काय गो?"

"काय?"

"तोंड काढू नका म्हणून. मी रोज सांगायची पोरांना. चाळीतल्या कुणाच्या नजरेला पडलं असतं तर? तुझ्या बाबांच्या कानावर गेलं असतं तर?"

"अगं, मग इतके दिवस आपण शोधतोय काय?" माझा आवाज चढला. रखवालदारानं वळून बघितलं.

आईनं पदर ओठांशी धरला.

"वाटायचं, एखाद्या पोरानं तरी माझं ऐकलं नसेल."