बेरी कुणी खाल्ली

दुपारी झोपायचं नाही असं रोज ठरवते आणि रोज जेवणानंतर डोळे मिटतात. ग्लासगोहून सांगलीला येऊन तीन आठवडे होत आले, तरी शरीर अजून तिकडच्या घड्याळावर चालतंय. मी माडीवरच्या खाटेवर आडवी होते. ही खाट बनूआत्तीची, म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीची. आत्ती गेली, ते मला तेरावं उरकल्यावर कळवलं. "तिथं बसून तू काय करणार होतीस?" विलास, माझा भाऊ, फोनवर म्हणाला होता. तेव्हापासून या घरात मला काय काय सांगितलं जात नाही, याचा मी कायम अंदाज घेत असते.

खालून लोणी कढवल्याचा वास येतोय. माझी भावजय उज्ज्वला त्यात विड्याचं पान टाकते. फार चांगली बाई. इतकी चांगली, की मला तिचा संशय येतो. घरातले सगळे माठातलं पाणी पितात, मला मात्र बाटलीतलं. त्यांचा चहा स्टीलच्या पेल्यात, माझा शोकेसमधल्या कपबशीत. जेवून ताट उचलायला गेले की ती धावत येते, "ताई, तुम्ही बसा की!" मी कायमची आलेय असं सांगितलं, तर दोघं छान हसतात आणि विचारतात, "मग परत कधी?"

मी जायची वाट बघतायत की काय, एवढं एकदा कळायला हवं. कारण ग्लासगोतली भाड्याची खोली मी अजून सोडलेली नाही. इथं कुणाला ते माहीत नाही. घरमालकीण आज फोन करणार आहे. खोली ठेवायची की सोडायची, एक काय ते तिला सांगायचंय.

पंखा घरघरतो. तुपाचा वास दाट होत जातो.

मी विमानतळावर रांगेत उभी आहे. खिडकीपलीकडे बनूआत्ती बसलीय. डोक्यावर पदर, कानात कापसाचा बोळा. माझा पासपोर्ट ती उलटा धरून बघतेय.

"कुणाची गं तू?"

"आत्ती, मी पमी."

"पमी तिकडं हाय, लांब. तू कोण?"

मीही तिला नीट निरखून घेते. आत्तीला वाचता येत नव्हतं. मग ही बाई एवढं काय बघतेय? पण कापूस तिचाच. भर उन्हाळ्यातही तिला वारं लागायचं.

"पमी असशील तर सांग, दुधाचं पातेलं कुठं असतंय?"

"जाळीच्या कपाटात. खालच्या फळीवर."

"कपाट मोडीत गेलं की कवाच!" ती पासपोर्ट बंद करते. "आत जा. पर मला काय तुझा भरवसा वाटत न्हाई."

आत आमचं स्वयंपाकघर आहे. फक्त ते लांबच लांब झालंय, ग्लासगोत मी नोकरी करायचे त्या वृद्धाश्रमाच्या व्हरांड्याएवढं. कडेनं चाकांच्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. मधोमध दोन पानं वाढलेली. एकापाशी आत्ती मांडी घालून बसते.

"हे माझं पान. वर्साला एकदा मिळतंय. उडदाचं वडे करत्यात, मला आवडायचं म्हणून."

"आवडायचेच की तुला."

"तरणी हुते तवा. पुढं बाधायला लागलं. त्ये कुणाच्या ध्यानात न्हाई." ती दुसऱ्या पानाकडे बोट करते. "ते तुझं."

माझ्या पानात साबुदाण्याची खिचडी आणि बासुंदी. शाळेत असताना मी यासाठी जीव टाकायचे. आता बासुंदी खाववत नाही, आणि उज्ज्वला ती दर रविवारी करते. दोन्ही पानांभोवती सारखीच रांगोळी आहे.

"आत्ती, मी जिवंत आहे ना?"

"मला काय इचारतीस? त्यास्नी इचार!"

पानं कुठे गेली कळत नाही. आम्ही माडीच्या जिन्यात बसलोय आणि जिना हळूहळू खाली सरकतोय, मॉलमधल्यासारखा. आत्ती कठडा घट्ट धरून बसलीय.

"मी सासर सोडून आले तवा तुझ्या आईनं असंच केलं," ती म्हणते. "वन्सं, बसा. वन्सं, ऱ्हाऊ द्या. मला वाटलं, ही मला गोड बोलून घालवायला बघतीया."

"मग?"

"मग काय! एक दिस तुपाच्या पातेल्यातली बेरी खाल्ली. पोरांसाठनं ठेवल्याली. साखर घालून, समदी."

"आई चिडली असेल."

"सांजपत्तूर तोंड बघितलं न्हाई माझं. मग असली भांडली, असली भांडली! शेजारच्या बाया भिंतीला कान लावून ऐकत हुत्या." आत्ती तोंडाला पदर लावून हसते. "तवा जीव भांड्यात पडला माझा. पाव्हणीसंगट कशाला भांडंल ती?"

मला तिचा हेतू शुद्ध वाटत नाही. हयातभर आत्तीनं फुकटचा सल्ला कुणाला दिला नव्हता.

"तू मला फितवतेयस," मी म्हणते. "तुझं काय जातंय मी राहिले काय नि गेले काय?"

ती कानातला कापूस उगाच आत सारते.

"खाट मोकळी बघवत न्हाई गं, पमे."

ती माझा हात धरते आणि कशात तरी खोल घालते. आत गरम आहे, आणि रवाळ.

"ऋतू! बेरी कुणी खाल्ली?"

खालून उज्ज्वलाचा आवाज. मी खाटेवर उठून बसते. माझी भाची शपथा घेतेय, "मी नाही, आई! देवाशप्पथ नाही!" मी ओठांवरून जीभ फिरवते. साखर. उजव्या हाताची बोटं तुपकट आहेत आणि नखांत तपकिरी बेरी भरलीय. जिना मी उतरले होते की नाही, मला खरंच ठाऊक नाही.

मी खाली जाते आणि हात पुढे करते. "मी खाल्ली."

उज्ज्वलाच्या तोंडावर नेहमीचं हसू येऊ लागतं आणि मध्येच विरतं.

"काय हो ताई! पोरीसाठी ठेवली होती की! शाळेतनं आल्यापासनं माझ्या मागं लागलीय ती. एका शब्दानं विचारायचं तरी! आणि पातेलं तसंच कोरडं टाकलंय. घासा आता तुम्हीच!"

मला इतकं बरं वाटतं की मी मुकाट्यानं घासणी उचलते. निम्मं पातेलं घासून होतंय तोच माझा फोन वाजतो. उज्ज्वला बघते. "बाहेरचा नंबर आहे."

"माझे हात भरलेत. कानाला धर."

ती धरते. खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका, असं मी घरमालकिणीला इंग्रजीत सांगते. फोन बंद होतो, तरी उज्ज्वला तो हातातच धरून उभी राहते.

"म्हणजे तिकडं खोली ठेवली होती तुम्ही? तरी मी यांना म्हणत होते, ताई काही राहायच्या नाहीत."

"आता नाही ठेवली."

ती माझ्याकडे संशयानं बघते. बघू दे, तेवढा तिचा हक्कच आहे.

"मग उद्यापासनं दूध तुम्ही तापवा. सकाळी मला डब्याची घाई असते."

"तापवते. दुधाचं पातेलं कुठं असतं?"

"तेच तर घासताय की," ती म्हणते.