काचेमागच्या शेवया

भिजवलेल्या मैद्याचा वास आला की मला कोलकात्यातली आमची गल्ली आठवते. तिथे एकाच हिवाळ्यात आधी कोरियन, मग व्हिएतनामी आणि शेवटी हाताने ओढलेल्या नूडल्सचं दुकान उघडलं. या शेवटच्याच्या उद्घाटनाला आचारी काचेमागे पीठ ओढत होता आणि दर वेळी ते तटकन तुटत होतं. बाहेरची गर्दी हसू लागली, बिचाऱ्याचे कान लाल झाले. माझ्यासोबत आई होती, जन्मभर हातशेवया केलेली. "अरे, तिंबलंच नाही नीट!" म्हणत ती थेट आत शिरली, हात धुतले आणि पिठाला तेलपाणी लावून ते दणादण आपटलं. "माशिमा, पारबेन?" म्हणजे "मावशी, जमेल?" असं आचाऱ्यानं घाबरत विचारलं. आईनं ओढायला घेतलं. दोनाचे चार, चाराचे आठ, बघता बघता बोटांत रेशमाचा पडदा! मघाशी हसणारी गर्दी काचेला नाकं लावून बघू लागली. आता टाळ्या पडणार, तेवढ्यात तिनं दोन्ही टोकं त्याच्या हातात दिली, "अब आप ओढो," म्हणाली आणि बाजूला झाली. शेवटचा झोका त्यानं घेतला, टाळ्या त्याला पडल्या. पन्नाशी उलटली तरी मला हे जमलेलं नाही, मी तर आत्तासुद्धा तुमच्या "वा!"ची वाट पाहतोय.