निळ्या ट्रेमधलं एक मिनिट

मर्व्ह हॅडोच्या गाडीला वाइनचा वास कधी आला नाही. ब्लीचचा यायचा.

मागच्या दारापाशी परातीएवढा निळा प्लास्टिकचा ट्रे, एक राठ ब्रश आणि पाण्याचे दोन कॅन. मेलबर्नहून रोज सकाळी आठ पाहुणे घेऊन तो यारा खोऱ्यात यायचा. चार द्राक्षबागा, मध्ये जेवण, संध्याकाळी परत. एकोणीस वर्षं हेच. त्याआधी तो शाळेची बस चालवायचा. "फरक काही नाही," म्हणायचा. "तेव्हाही परतीच्या वाटेवर कुणीतरी ओकायचंच."

बागेच्या फाटकाशी पाहुणे उतरले की आधी बुटांचा चिखल घासून काढायचा. मग बुटांसकट ट्रेमधल्या ब्लीचच्या पाण्यात उभं राहायचं, पूर्ण एक मिनिट. मर्व्ह समोर घड्याळ धरून. बागेतून निघतानाही तेच.

"आम्ही प्यायला आलोय की बाप्तिस्मा घ्यायला?" रोज कुणीतरी विचारायचं.

"आधी बाप्तिस्मा, मग पाप. क्रम चुकवू नका."

हसून झालं की तो कारण सांगायचा. खोऱ्यात वेलींची मुळं खाणारी एक कीड आहे. तिळाहून बारीक, पिवळी. मातीबरोबर बुटाला चिकटते आणि एका बागेतून दुसरीत जाते. तिच्यावर औषध नाही. दोन-तीन वर्षं वेल काही बोलत नाही. मग पानं पिवळी पडतात, आणि तोवर सगळं संपलेलं असतं. बाग उपटायची, कीड न लागणाऱ्या खुंटावर कलमं बांधून पुन्हा लावायची, इतकंच हातात उरतं.

बऱ्याच जणांनी वेळीच तसं केलं होतं. नोरीन झानिनने केलं नव्हतं. तिच्या वेली एकाहत्तर साली तिच्या नवऱ्याने, आल्दोने, लावलेल्या. स्वतःच्या मुळांवर उभ्या. आल्दो गेला, वेली राहिल्या. इतर बागांनी पाहुण्यांना ओळींमध्ये शिरू देणं कधीच बंद केलं होतं. नोरीन शिरू देत असे, पण फक्त मर्व्हच्या पाहुण्यांना.

"तुझ्या माणसांचे पाय माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ असतात," ती म्हणायची.

मर्व्हने हे वाक्य वर्षानुवर्षं मिरवलं. त्याच्याकडे मिरवायला दुसरं फारसं नव्हतं. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रविवारी तो नोरीनकडे जेवायचा. ती भाजलेलं मटण वाढायची आणि त्याच्या चाकू धरण्याला नावं ठेवायची.

या फेब्रुवारीत नोरीनच्या सातव्या ओळीत, फाटकाच्या बाजूला, पिवळा डाग दिसला. खोलीएवढा. सरकारी माणसं आली. त्यांनी मुळं खणून भिंगाखाली धरली आणि फाटकावर लाल पाटी लावली. कीड कुठून आली, असं नोरीनने विचारलं. आता ते सांगता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

नोरीनला मात्र ठाऊक होतं. आल्दोचा पुतण्या डीन तिची बाग पाहायचा आणि फवारणीचं मशीन घेऊन दुसऱ्यांच्या बागांतही जायचा. बाग पुढे त्याचीच होणार होती.

"मी मशीन धुतलं होतं, काकू. दर वेळी."

"धुतलं असतंस तर तुझ्या काकाच्या वेली हिरव्या असत्या."

हे ती सरकारी माणसांसमोर बोलली. मर्व्हही तिथेच होता. त्याने डीनच्या खांद्यावर हात ठेवला, तो डीनने झटकला. आठवड्याभरात डीन बायकोमुलांना घेऊन टास्मानियाला गेला. तिथून त्याने फोन केला नाही.

मे महिन्यात दुसऱ्याच एका बागेसमोर मर्व्ह एका पाहुण्याची व्हीलचेअर घडी करून गाडीत चढवत होता. चाकातून मातीचा गोळा सुटला आणि त्याच्या बुटावर पडला.

तो तसाच उभा राहिला. पाहुणे गाडीत बसले होते. "मर्व्ह, पाठीत उसण भरली का?" आतून कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, "हो."

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. पर्थची ग्वेन नावाची म्हातारी, व्हीलचेअरवर. सोबत तिची मुलगी. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. सकाळी पहिली बाग नदीपलीकडची, जिला पुढे लवकरच कीड लागल्याचं निघालं. तिथे मुलीने आईची खुर्ची थेट वेलींपर्यंत ढकलत नेली होती. दुपारी नोरीनच्या फाटकाशी मर्व्हने सात जणांचे बूट धुतले. ग्वेनसमोर वाकून तो म्हणाला होता, "बाईसाहेब, तुमचे पाय जमिनीला लागलेच नाहीत. तुम्ही पुण्यवान." सगळे हसले होते. मग त्यानेच ती खुर्ची सातव्या ओळीत नेली होती. नोरीनने वेलीची एक कोवळी फांदी वाकवून म्हातारीच्या हातात दिली होती.

फोटो त्याच्या फोनमध्ये होता. ग्वेन हसतेय, हातात वेल. खाली दोन चाकं, कडेपर्यंत चिखलाने भरलेली.

सरकारी माणूस म्हणाला होता, सांगता येणार नाही. मर्व्ह ते वाक्य अकरा दिवस धरून बसला. मधल्या रविवारी तो जेवायला गेला आणि मटण खाऊन परत आला. पुढच्या रविवारी नोरीनने दोनच ताटं मांडली. तिसरं, डीनचं, ती सवयीने काढायची आणि परत ठेवायची. त्या दिवशी काढलंच नाही.

"मंगळवारी वेली उपटायचं मशीन येतंय," ती म्हणाली. "चौथ्या ओळीपासून सुरू करतील. मी बहिणीकडे जाऊन बसणार आहे. आवाज नको."

"पुन्हा लावणार?"

"कुणासाठी? मी शहात्तर वर्षांची आहे, मर्व्ह. डीन असता तर गोष्ट वेगळी होती. पण तो आळशी निघाला. एक मशीन धुता आलं नाही त्याला."

मर्व्हने चाकू खाली ठेवला. फोन काढला आणि फोटो तिच्यासमोर सरकवला.

तिने चष्मा लावला. "ही ती पर्थची. गोड होती."

"खाली बघ. चाकं."

तिने पाहिलं. मर्व्हने सगळं सांगितलं, क्रमाने, नदीपलीकडच्या बागेपासून. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आवाज तोच निघतोय, पाहुण्यांना माहिती द्यायचा. तो थांबला.

"हे तुला कधी कळलं?"

"अकरा दिवस झाले."

"म्हणजे गेल्या रविवारी तू इथे जेवलास."

"जेवलो."

नोरीनने चष्मा काढून पुसला. मग उठली आणि भिंतीवरचा फोन उचलून नंबर लावला. घंटा वाजत राहिली. शेवटी निरोप ठेवायला सांगणारा डीनचा आवाज आला. खोलीत मर्व्हलाही तो ऐकू आला.

"डीन, मी काकू," ती म्हणाली. "कीड तुझ्या मशीनने आली नव्हती." तिने फोन ठेवला.

"माझं नाव सांग त्याला," मर्व्ह म्हणाला.

"चूक तुझी होती. पण त्याला सगळ्यांसमोर बोलले मी." तिने त्याचं ताट उचललं. अर्धं मटण तसंच होतं. "ऊठ आता."

तो वेलींच्या कडेने फाटकाकडे निघाला. ती मागून येत होती, दहा पावलांवर. हिवाळा तोंडावर आला होता, पानं गळून गेली होती. ओळी नुसत्या काळ्या खोडांच्या. सातव्या ओळीपाशी त्याने मान वळवली नाही. फाटक उघडून तो गाडीकडे जाऊ लागला.

"मर्व्ह. बूट."

तो वळला. लाल पाटीखाली एक ट्रे होता, नवा, पांढरा, सरकारने दिलेला. निघताना त्याच्याकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मर्व्ह हॅडो बूट न धुता बागेबाहेर पडला होता.

तो मागे आला. वाकून बुटांचे तळ घासले. ट्रेमध्ये उभा राहिला. नोरीन फाटकाच्या आत उभी होती, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत.

मिनिट झालं. ती घड्याळाकडेच पाहत राहिली. तो उभाच राहिला.