तक्तपोशीवरचा ओला कापूस

भुताखेतांच्या बाबतीत माझं मत पहिल्यापासून साधं आहे — मला माझ्याच अकलेचा भरवसा नाही, तर न दिसणाऱ्यांचा कुठून धरू? अंगारे, धुपारे, उतारे यांची मी आयुष्यभर टिंगल केली. त्यामुळे हे वाचून कोणी माझी टिंगल केली तर तक्रार नाही. झालं तसं सांगतो.

गाव खामगाव. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात कारकून होतो आणि तिच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात राहत होतो. पत्र्याखाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी, आणि पत्रा नि फळ्या यांच्या मध्ये माणूस पोटावर सरकेल एवढी पोकळी. खामगावचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पत्र्याचं घर म्हणजे काय ते सांगायला नको. दुपारी भिंतीला टेकलं की अंगातल्या बनियनला इस्त्री व्हायची.

अशाच एका दुपारी मला अक्कल सुचली. गादीत कापूस, दुलईत कापूस... मग छपरात का नको? जिनिंगच्या कोपऱ्यात कवडीचा, म्हणजे किडक्या, डागाळलेल्या कापसाचा ढीग कायम पडलेला असायचा. मालक म्हणाले, घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल. दोन-तीन रविवार खपून मी सगळी पोकळी ठासून भरली. घर खरंच गार झालं. शेजारी बघायला आले. मी काही दिवस गल्लीतून शास्त्रज्ञासारखा चालत होतो.

गादीतला कापूस खोळीत असतो, एवढीच गोष्ट शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली नव्हती! फळ्यांच्या फटींतून तंतू नि धूळ गळायला लागली. वरणात कापूस, चहात कापूस, माझ्या मिशीत कापूस. इथवर हसण्यावारी होतं. मग आमच्या बेबीला खोकला लागला. अजून रांगायलाही न लागलेली पोर... झोपेत तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. डॉक्टरांनी आधी तिला तपासलं, मग माझ्या मिशीकडे पाहिलं आणि म्हणाले, आधी ते छपरातलं काढा, नाहीतर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही.

बायको कुसुम त्याच दिवशी पोरीला घेऊन माहेरी, उंद्रीला निघाली. मोटारीत चढताना एवढंच म्हणाली, "वरचा कापूस निंघू द्या, मंगच मी पाय टाकीन त्या घरात."

कापूस भरायला मूर्ख चालतो, काढायला चालत नाही. हुसकला की धुरळा. आत विंचू असणार ते वेगळंच. आणि फळ्यांवरून विजेची तार गेलेली. सुक्या कापसाला ठिणगी लागली की काय होतं, ते जिनिंगमध्ये मी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून या वेळी स्वतःचं डोकं न वापरता जिनिंगची रीत वापरायची ठरवली. मेन स्विच बंद. काडेपेटी, विडी घराबाहेर. नाकातोंडाला ओला पंचा. झारीनं कापूस दबेल इतकंच पाणी शिंपडायचं, मग हळूच गुंडाळून ओल्या पोत्यात भरायचा. झाडू बिलकुल मारायचा नाही.

मदतीला कुसुमनं आपला भाऊ वसंता धाडला. मदत कमी, पाळत जास्त!

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही पूर्वेकडचा एक पत्रा उचकटला. भरपूर उजेड आत आला. वसंता सडपातळ, तो आत सरकला. मी शिडीवर उभा राहून भरलेली पोती दोरीनं खाली सोडायचो. आतून त्याची बडबड अखंड चालू होती. आमच्या गोठ्यातल्या म्हशीसुद्धा याच्यापेक्षा बऱ्या राहतात, इथपासून आमच्या बापानं कुसुमसाठी दुसरा पोरगा पाहिला होता, इथपर्यंत. माझ्या तोंडाला पंचा होता, मी पोती सोडत राहिलो.

अर्धं काम झालं तेव्हा चहाला थांबलो. पश्चिमेकडच्या निम्म्या भागाला अजून हात लागला नव्हता. चहानंतर वसंता पुन्हा आत गेला... आणि त्याची बडबड थांबली.

"जवाईबुवा," थोड्या वेळानं आवाज आला, "इकडं पाणी काऊन मारलं?"

म्हटलं, तिकडं आपण पोचलोच कुठं? झारी तर माझ्यापाशी आहे.

"मंग हे ओलं कशानं हाये?"

मला वाटलं, चेष्टा करून राहिला. मी धोतर खोचून आत घुसलो, अर्ध्यात अडकलो, त्यानं हात धरून ओढलं तेव्हा कुठं पोचलो. आजूबाजूचा कापूस खडखडीत कोरडा, पत्र्यानं कोमट झालेला. आणि त्याच्या मधोमध सुपाएवढी जागा ओलीचिंब. गार. माठातल्या पाण्यासारखी गार. मी मूठभर कापूस पिळला तर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

आम्ही तो कापूस थराथरानं उचलला. खाली तारेचा जोड होता. वरचं कापड जळून गेलेलं, तांबं उघडं पडलेलं. जोडाला लागून असलेला कापूस कोळशासारखा काळा. तो काळा डाग बाहेर पसरत आला होता आणि ओल जिथं सुरू होत होती, नेमका तिथं थांबला होता.

वसंता म्हणाला, "पेटला होता, भाऊजी. पेटून इझला." जवाईबुवाचा भाऊजी झालो, तेव्हाच मला कळलं की हा घाबरलाय.

मी खालच्या फळीवरून हात फिरवला. कोरडी. पुन्हा फिरवला. तळव्याला नुसती धूळ लागली. वर पिळून पाणी निघेल असा कापूस, आणि त्याच्याखालचं लाकूड कोरडं ठणठणीत. फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं तर बेबीच्या पाळण्याचा हूक. बरोबर खाली.

यावर मी पुष्कळ डोकं चालवलं — माझंच डोकं, त्यामुळे त्याला फार किंमत देऊ नका. पाऊस म्हणावा तर कित्येक महिने थेंब नव्हता. नळ घरात नव्हताच, पाणी विहिरीवरून आणायचो. झारीचं पाणी ओघळून गेलं म्हणावं, तर मधला सगळा कापूस कोरडा. पत्र्याला आतून घाम येतो असंही कोणी सांगितलं. मग तो एवढ्याच जागी का आला? आणि पाणी आधीच पडलं असेल, तर त्या भट्टीत ते वाळलं कसं नाही? वायरमननं जोड बदलला. तो म्हणाला, घर जायला पाहिजे होतं तुमचं. का गेलं नाही, ते त्यालाही सांगता येईना.

कापूस सगळा निघाला, फळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या, फटींवर जाड कागद डकवला. पंधरवड्यात कुसुम पोरीला घेऊन आली. वसंतानं तिला तिखटमीठ लावून सगळं आधीच सांगितलं होतं. तिनं छपराकडं पाहिलं आणि मला विचारलं, पाणी खरंच गार होतं का? मी हो म्हटलं.

मी पाळणा सोडून आतल्या खोलीत न्यायला निघालो होतो. तिनं दोरी माझ्या हातातून घेतली.

"राहू द्या तिथंच," ती म्हणाली. "त्या जागेवर कोनाचं तरी ध्यान हाये."

एरवी मी यावर काहीतरी वात्रट बोललो असतो. त्या दुपारी पाळणा हलवत नुसता बसून राहिलो. वर पत्रा तापून तडतडत होता, घराची पुन्हा भट्टी झाली होती, आणि पोर घामानं थबथबून झोपली होती. मी वाकून कान लावला. छाती वाजत नव्हती.

ते पाणी कुठून आलं, मला आजही माहीत नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, फक्त पत्र्याला घाम येतो असं सांगू नका.