‘सुधारित’ नावाचा स्टिकर

हे मी सवितालासुद्धा सांगितलेलं नाही. सविता माझी बायको. माझ्या खिशात काय आहे, पोटात काय आहे आणि डॉक्टरने बंद केलेली जिलेबी मी कुठल्या हॉटेलात खाल्ली, हे सगळं तिला कळतं. हे एवढंच कळलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही दिगंबरला ओळखत नाही म्हणून — बहुतेक तेवढंच कारण असावं.

आधी सोपं ते सांगून टाकतो. मी सुखी माणूस आहे. नांदेडच्या एमआयडीसीत माझं शेड आहे. तिथे आम्ही मोटारीचे स्टार्टर बनवतो. शेतकऱ्याने घरी बसून मोबाइल लावायचा आणि तिकडे विहिरीवरची मोटार चालू व्हायची, असे. सोल्डरिंगला बसणाऱ्या बायकांची तोंडं दिवसभर चालू असतात आणि हात त्याहून जोरात. दुपारी डबे उघडले की ठेच्याचा वास माझ्या टेबलापर्यंत येतो, आणि मागितला नाही तरी एखादा घास येतोच. मनात खोट असली की झोप लागत नाही असं म्हणतात. मला छान लागते. घोरतोसुद्धा, अशी सविताची तक्रार आहे. मग बोच कुठे आहे? आहे — पण ती मला रात्री सापडत नाही, दिवसाढवळ्या सापडते. एखाद्या नव्या खोक्यावर माझाच स्टिकर चिकटवलेला दिसला की.

स्टिकरवर यायचंच आहे. जरा दमानं घेऊ द्या.

दिगंबर भोकरचा. विष्णुपुरीच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. मी बोलायचो, तो ऐकायचा — अशी आमची दोस्ती. पुढे धंदा काढला तोही याच वाटणीवर. टेबल त्याचं, बाजार माझा. तेव्हा बाजारात बाहेरून येणारे मोबाइल स्टार्टर होते, पण ते आमच्याकडे टिकायचे नाहीत. ते बनायचे शहरातल्या शहाण्या विजेसाठी. आमच्या गावातली वीज कधी मेल्यासारखी, तर कधी अंगात आल्यासारखी. दिगंबर मीटर घेऊन भोकर-हदगावच्या शिवारात हिंडला. सकाळी मोजलं, भर दुपारी मोजलं, सगळ्या मोटारी बंद झाल्यावर व्होल्टेज किती चढतं तेही मोजलं. लोक त्याला लाइनमन समजून डीपीचे फ्यूज बांधायला लावायचे. हा बांधून द्यायचा आणि पुढे जायचा. मग आपल्या लाइनसाठी आपला बोर्ड, असं म्हणत त्याने स्टार्टरच्या आतल्या सर्किटचा बोर्ड काढला. आजवर माझ्या पाहण्यात आलेला सगळ्यात देखणा बोर्ड. देखणा म्हणजे — त्यात उगाच असं काहीच नव्हतं.

आता कॅपॅसिटर. घाबरू नका, एवढं एकच नाव लक्षात ठेवा. बोर्डावर उभा असलेला बोटाच्या पेराएवढा डबा. विजेचे हेलकावे तो पोटात घेतो, म्हणून बाकीचे सुटे भाग जगतात. दिगंबरने त्यासाठी एक ठरावीक कंपनी लिहून दिली होती, उन्हात तापला तरी तग धरणारा माल. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत काय होतं हे आमच्याकडच्या कुणाला सांगायची गरज नाही.

रब्बी तोंडावर आली आणि माल येईना. पुण्याचा व्यापारी आज देतो, उद्या देतो करत होता. हदगाव, अर्धापूर, भोकरच्या दुकानदारांना मी शब्द देऊन बसलो होतो — आणि शब्द देताना माझी छाती जरा फुगतेच. मी हैदराबादची गाडी पकडली. तिथल्या दुकानदाराने त्याच कंपनीचं नाव छापलेला माल पुढे ठेवला. मी हातात घेऊन बघितला, त्याने माझ्याकडे बघितलं. माणूस मात्र सरळ. म्हणाला, “साब, सच बोलतूं. पुराना माल है, कव्हर नवा चढाए सो. पंखे-टीव्ही में चलता. धूप में रखनेका है तो नक्को लेव.”

नक्को लेव. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं?

मी घेतला.

दिगंबरला मी म्हणालो, मिळाला बाबा एकदाचा. टेबलावर सगळे बोर्ड पास झाले — थंडीचे दिवस होते, का नाही होणार? स्टार्टर गेले, दुकानदार खूश. आम्ही दोघांनी नव्या शेडच्या दारात पेढे वाटले. आणि फाल्गुन सरता सरता एसटीच्या पार्सलने बिघडलेल्या स्टार्टरची पोती परत यायला लागली.

दिगंबर एकेक बोर्ड उघडत होता. प्रत्येकात तोच डबा — डोकं फुगलेला, बुडाशी चिकट पाणी. दोन-तीन दिवस तो टेबलावरून उठला नाही. आपला सगळा हिशेब त्याने पुन्हा मांडला. मग एका दुपारी मान वर करून मला म्हणाला, “मोहन, हे कॅपॅसिटर तेच हायत ना? आपण ठरवलेले?”

इथे थांबू का जरा? इतकी वर्षं इथवर येऊन मी परत फिरत आलोय. त्या प्रश्नात संशय नव्हता हो. आपलं काही चुकलंय का हे बघताना जसं कुणी शेजारच्याला विचारतं, तसं त्याने विचारलं होतं. भीती कसली होती मला? त्याच्या रागाची नाही, दिगंबर रागावत नाही. पण त्याच्या लेखी मी बाजारातला वाघ होतो. कुणाकडून फसत नाही, कुणाला फसवत नाही. त्या नजरेतून उतरायची भीती वाटली. एवढीच.

मी म्हणालो, “हाव. तेच.”

तो म्हणाला, “मंग माझाच हिशेब चुकला.”

त्याने लगेच ठरवलं की ज्यांच्याकडे माल बिघडला त्यांच्या घरी जायचं. मी म्हणालो, फोन करू. तो म्हणाला, पिकं वाळून राहिलीत आणि आपण फोन करायचा? हदगावजवळ अनुसयाबाई म्हणून होत्या. नवरा मास्तर, नोकरीला बाहेरगावी. केळीची बाग बाई एकट्या बघायच्या आणि आमचा स्टार्टर त्यांनी हौसेने घेतला होता. आम्ही गेलो तेव्हा बागेच्या एका अंगाची पानं पिवळी पडून लोंबत होती. बाईंनी खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं, चहा ठेवला. दिगंबर खुर्चीवर बसलाच नाही. उभ्यानेच हात जोडून म्हणाला, “बाई, चूक माझी हाय. बोर्ड मी काढलेला. माझा हिशेब चुकला.”

बाईंनी चहाचे कप पुढे केले. मग म्हणाल्या, “मशीन हाय भाऊ, बिघडायचंच. दुसरे कंपनीवाले आमचीच वायर खराब हाय म्हणून सांगतेत. तुम्ही घरला येऊन चूक सांगून राहिलात. लई झालं.” आणि माझ्याकडे वळून, “असा जोडीदार भेटत न्हाई. सांभाळा यांना.”

मी मान हलवली. चहाही प्यायलो — गूळ घातलेला होता, चव अजून आठवते. तोंड होतं, जीभ होती, बोलायला सगळं जागेवर होतं. मी फक्त बशी खाली ठेवली.

परतीच्या बसमध्ये दिगंबर खिडकीकडे तोंड करून म्हणाला की त्याच्या हाताला यश नाही, मी दुसरा कुणीतरी बघावा. मी त्याला समजावलं. खूप समजावलं, घसा बसेपर्यंत. खरं तेवढं सोडून सगळं सांगितलं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत तो लातूरला गेला, एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला.

तो गेल्यावर मी काय केलं? पुण्याचा अस्सल कॅपॅसिटर आणला. दिगंबरच्याच ड्रॉइंगवर नवे बोर्ड बनवले, घरोघरी जाऊन फुकट बदलून दिले. अनुसयाबाईंकडे मी स्वतः बसवला. ते स्टार्टर टिकले. उन्हाळा आला, गेला, दुसरा आला — एक पोतं परत आलं नाही. लोकांचा विश्वास परत यावा म्हणून मी खोक्यावर एक लाल स्टिकर छापून घेतला: ‘सुधारित’. काय सुधारलं होतं? ड्रॉइंगमधली एक रेघ हललेली नव्हती.

दिगंबरने लातूरहून फोन केला. खूश होता. म्हणाला, “काय बदललंस रे?”

मी म्हणालो, “थोडं प्रोटेक्शन वाढवलं.”

“बघ, मला न्हाई सुचलं ते.” आणि हसला. मनापासून हसला. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू दिला की ते छान उभं राहतं, ही माझी त्या दिवसाची कमाई.

पुढे धंदा वाढला. मी स्वतःला पटवायचोही — दिगंबरचं बरंच झालं की! लातुरात त्याला नाव आहे, पोरं ‘सर’ म्हणून जीव टाकतात, घर झालं, ऋतुजासारखी गुणी मुलगी आहे. इथे राहिला असता तर सोल्डरच्या धुरात डोळे चोळत बसला असता. दिसतं ना पटण्यासारखं? पण तो शिकवायला गेला तो आवडीने नाही गेला. आपल्याला जमत नाही असं समजून गेला. तसं त्याला मी समजू दिलं.

गेल्या हिवाळ्यात त्याने मला क्लासच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलावलं. शाल, नारळ, पहिली रांग. नांदेडचे उद्योजक, माझे मित्र, अशी ओळख करून दिली. मग पोरांना सांगायला लागला — दर वर्षी सांगतो म्हणे — की मीही एकदा बोर्ड बनवला होता आणि तो सपशेल फसला. “का फसला? मी विजेचा अंदाज धरला, नीट मोजली न्हाई. तुम्ही मोजत जा.” ज्या माणसाने भर उन्हात शिवारभर मीटर लावत फिरून वीज मोजली, तो हे सांगत होता. अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या. मांडीवर शाल असल्यामुळे जरा अवघड गेलं.

संध्याकाळी त्याच्या घरी जेवायला गेलो. जेवणं झाली आणि वीज गेली, नेमका इन्व्हर्टर बंद पडलेला. जिन्याखाली अंधार, म्हणून दिगंबरने टॉर्च घेतला आणि पेचकस माझ्या हातात दिला. मी म्हणालो, तूच बघ की. म्हणाला, “छे बाबा. माझ्या हाताला यश न्हाई, तुला ठाऊक हाय.” ऋतुजा मागे उभी होती. बारावीला आहे. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स घेऊ का, असं तिने जेवताना विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, आपल्या घरात तो हात नाही बाळा.

आत एक वायर सैल झाली होती. मी स्क्रू आवळला, दिवा लागला. “बघितलंस?” दिगंबर पोरीला कौतुकाने म्हणाला. “याला म्हणतात हात.”

तो टॉर्च धरून माझ्याशेजारी बसला होता, अगदी खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. मी झाकण लावलं आणि हात धुवायला गेलो.

दिगंबरचा बोर्ड पहिल्या दिवसापासून बरोबर होता.