साठ ठोक्यांचे आप्पा

लोक भेटल्यावर हात जोडतात. आमचे आप्पा मनगट पुढे करत. "मोज," म्हणत. पाहुणा असो, निपाणीच्या वखारीतला तंबाखूचा दलाल असो की मुलगी बघायला आलेली मंडळी असोत, आप्पांची नाडी मोजल्याशिवाय आमच्या घरात कुणाला चहा मिळत नसे.

आप्पा माझे थोरले चुलते. तरुणपणी त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या. तेव्हा कुणा वस्तादांनी त्यांचं मनगट धरून सांगितलं होतं, की साध्या माणसाची नाडी सत्तर-ऐंशी चालते, तुझी साठ. ही पैलवानाची नाडी. पुढे कुस्ती सुटून पंचवीस वर्षं झाली, पोट सुटलं, गुडघे गेले. साठ मात्र आप्पांनी सोडली नाही. गावात कुणी आजारी पडलं की ते आधी जाऊन त्याची नाडी बघत आणि "ब्याऐंशी. कसं व्हायचं रं तुझं," म्हणून त्याला आणखी आजारी पाडून येत.

मी बेळगावला नर्सिंग शिकायला गेले, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. आपली नाडी मोजायला आता सरकारमान्य माणूस मिळालं, असं त्यांना वाटलं. पहिल्या वर्षाच्या दिवाळीला मी घरी आले, तर उंबऱ्यातच मनगट पुढे. मी रुबाबात घड्याळ बघितलं, पंधरा सेकंद मोजलं, पंधरा ठोके भरले, चारानं गुणलं. मधले एकदोन ठोके मागेपुढे झाल्यासारखे वाटले होते. पण पिशवी खांद्यावर असताना पूर्ण मिनिट कोण मोजत बसणार, आणि त्यांचा तो चेहरा बघून शंका तरी कोण काढणार. "साठ, आप्पा. एक नंबर," मी म्हणाले.

माझं ते वाक्य वर्षभर गावात फिरलं. त्याच वर्षात आप्पांना माडीचा जिना चढताना धाप लागू लागली. पायांवर सूज दिसू लागली. काकू डॉक्टरकडे चला म्हणाल्या की उत्तर तयार: "पोरीनं बघितलीया. नर्स हाय ती. साठ हाय म्हनली. डॉक्टर काय एकसष्ट करनार?" शेवटी काकूंनी मला पोस्टकार्ड घातलं. तू येऊन यांना एकदा सत्तर सांग, म्हणजे हे डॉक्टरकडे जातील, एवढाच मजकूर होता.

मधल्या काळात आम्हाला पल्स डेफिसिट शिकवून झालं होतं. एकानं छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके मोजायचे, त्याच मिनिटात दुसऱ्यानं मनगटावर मोजायचे. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. मनगटावर कमी भरले, तर हृदय वेडंवाकडं धावतंय आणि त्याचे काही ठोके हातापर्यंत पोचत नाहीत, असं समजायचं. परीक्षेत मला हा प्रश्न आला होता आणि मार्कही चांगले पडले होते.

घरी गेले तर दुसरा मोजणारा हवा होता. आप्पांइतका सराव गावात कुणालाच नव्हता, म्हणून त्यांचं मनगट त्यांनाच धरायला लावलं. मी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि घड्याळात बघून "सुरू" म्हणाले. मिनिट झाल्यावर "बस" म्हणाले.

"साठ," आप्पा खुशीत म्हणाले. "जरा अडखळत्यात, पन साठ."

माझे एकशेचार झाले होते.

"तुझं चुकलं गं," आप्पा म्हणाले. आम्ही आणखी दोनदा मोजलं. तरी पटेना, तेव्हा मी नळ्या त्यांच्या कानांत घातल्या आणि मनगट मी धरलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मिनिट संपलं तरी त्यांनी नळ्या काढल्या नाहीत.

"मग बाकीचं गेलं कुठं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की हृदय घाईत आहे. रक्त भरायच्या आधीच ते आवळतं, मग त्या ठोक्यात हातापर्यंत ढकलायला काही नसतं.

आप्पांनी नळ्या कानांतून काढल्या. "म्हंजे मोट बुडायच्या आदीच बैल हाकल्यागत."

"व्हय, आप्पा."

"मग वर पानी कसलं येतंय." त्यांनी स्टेथोस्कोपची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "कवा जायचं बेळगावला?"

मला रडू आलं. ते त्यांच्या हृदयासाठी असावं, असं त्यांना वाटलं. ते निम्मंच खरं होतं. निम्मं माझ्या त्या पंधरा सेकंदांसाठी होतं.

बेळगावच्या डॉक्टरांनी छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला आणि कन्नडमधून आप्पांना झापलं. अशा हृदयात रक्त साकळतं, गुठळी होऊन मेंदूत जाते, वर्षभर आधी यायला हवं होतं. घरात नर्स असून ही गत कशी, असं म्हणून त्यांनी माझ्या गणवेशाकडे बघितलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण आप्पांनी मला बोलू दिलं नाही.

"पोरगी वर्सभर सांगतीया, सायेब," ते मराठीत म्हणाले. "मीच ऐकलं न्हाय." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

गोळ्यांनी हृदयाचा वेग उतरला. छाती आणि मनगट यांतलं अंतर चव्वेचाळीसवरून आठावर आलं. आप्पांना आणखी दोन वर्षं मिळाली, आणि बरी गेली. मग एके दुपारी ती गुठळी आलीच. माझ्या वडिलांपेक्षाही मला ते जवळचे होते, आणि त्यांना ते मी कधी सांगितलं नव्हतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू सांगत होत्या, "पोरीनं डॉक्टरच्या वर्सभर आदीच वळखलं हुतं. ह्यास्नीच पटलं न्हाय." काकूंना सगळं ठाऊक होतं. गावानंही माझं 'साठ' आप्पांच्या तोंडून वर्षभर ऐकलं होतं. तरी सगळे "व्हय व्हय, लई हुशार पोर" म्हणत आणि माझ्याकडे कौतुकानं बघत. त्या तेरा दिवसांत कुणीतरी एकानं मला 'साठ तूच सांगितलं होतंस ना' म्हणून विचारावं, असं फार वाटत होतं. कुणीही विचारलं नाही.