डोळे आहेत तोवर

वच्छलाबाई म्हणजे माझ्या आजोबांची थोरली भावजय. मला कळू लागलं तेव्हा तिचे डोळे पूर्ण गेलेले होते. पण त्याआधी धरणगावच्या आसपासच्या खेड्यांत तिच्या नजरेचा आणि हाताचा मोठा लौकिक होता, असं माझी आत्या सांगायची. कुणाच्या पायात बाभळीचा काटा मोडला, कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, की माणूस थेट वच्छलाबाईकडे यायचा. तिची गोधडी उलटी करून पाहिली तरी टाका सुलटाच वाटायचा. पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी ज्वारीची कणसं निवडायची, तर गल्लीतले लोक तिच्यासमोर ढीग आणून टाकायचे.

ती चाळिशीला टेकली असेल, तेव्हा उंबऱ्याला अडखळू लागली. ताट वाढून बाजूला ठेवायची आणि वळताना त्याच्यावरच पाय द्यायची. सासू ताईबाई चिडायची, ध्यान कुठे असतं म्हणायची. वच्छलालाही वाटे, आपलंच ध्यान नसतं. कारण सुईत दोरा तर ती अजून पहिल्या झटक्यात ओवत होती. मग संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, आणि एकदा ती भर दुपारी अंगणात उभ्या असलेल्या बैलावर जाऊन आदळली. तेव्हा तिचा नवरा रुपचंद घाबरला. दिवाळी उरकल्यावर तो तिला आगगाडीने जळगावच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं, आपलं बोट तिच्या नाकासमोरून हळूहळू कडेला नेलं आणि कुठवर दिसतं ते विचारलं. बोट जरासं सरकलं की ती म्हणायची, गेलं. डॉक्टर रुपचंदकडे वळले.

"काचबिंदू आहे. नजर कडेकडेने जात जात आत येते. गेलेली परत येत नाही."

"मधलं तर तिला चांगलं दिसतं, साहेब. सुई ओवते."

"मधलंही जाईल. थेंब देतो, त्याने थोडा वेळ मिळेल. पण वर्षभर टिकेल असं मी सांगत नाही." मग ते तिला म्हणाले, "बाई, जे डोळे भरून बघायचं असेल ते आता बघून घ्या."

परतीच्या गाडीत वच्छला खिडकीला डोकं टेकवून बसली होती. बघायचं म्हणजे काय बघायचं, हे तिला शोधावं लागलं नाही. तिची एकुलती एक लेक कौतिका पश्चिम खानदेशात, दोंडाईच्याच्या पुढे दिली होती. कौतिकाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची सासू अंथरुणाला खिळलेली आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून सासरच्यांनी पाठवलं नव्हतं. लग्नानंतर मायलेकींची भेट एका आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झाली होती, तेवढीच.

"बाकी बठ्ठं राहू द्या," ती रुपचंदला म्हणाली. "पहिले कौतिकाकडे जाऊत."

"जाऊत ना. कापूस येचाई जाऊ दे, मंग जाऊत."

रुपचंद मनापासूनच बोलला होता. तो माणूस लबाड नव्हता.

घरी आल्यावर बातमी ऐकून ताईबाईने सुनेला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. गल्लीतल्या बायका जमल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईबाईने जुनी लुगडी आणि धोतरं काढून ओसरीवर ठेवली. माझ्या आत्याचं लग्न ठरलेलं होतं. ती माझ्या आजोबांची, सुकदेवची, म्हणजे वच्छलाच्या धाकट्या दिराची मुलगी. तिच्याबरोबर गोधड्या द्यायच्या होत्या.

"वच्छला, तुना डोया शेतस तवर एवढ्या गोधड्या शिवी टाक माय," ताईबाई म्हणाली. "तुनामायक टाका दुसऱ्या कोणले येस?"

ती शिवायला बसली. गोधड्या चालू असतानाच शेजारीण बियाण्याची टोपली घेऊन आली. यंदा तूच निवडून दे, पुढच्या साली कोण आहे, म्हणाली. कुणी परकराला काठ लावायला आणला, कुणी मुंज्याच्या पूजेसाठी कापडावर चित्र काढून मागितलं. डोळे जाणार हे कळल्यापासून तिच्याकडची कामं कमी व्हायची तर दुप्पट झाली. येणारी प्रत्येक बाई हळहळायची, तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि आपलं काम पुढे ठेवायची. त्यांतली कुणी वाईट नव्हती. प्रत्येकीचं काम एवढंसंच असायचं.

आत्याने एकदा तिला विचारलं होतं, "काकू, तू नही का म्हणत नही?"

वच्छलाने सुई थांबवली नाही. म्हणाली, "उद्या माले कोण धरी धरी नेई? याच बाया ना? ज्यांना हातनं खावानं शे, त्यांले आज नही कशी म्हणू?"

आत्या म्हणायची, मी तरी काय करणार होते? त्या गोधड्या माझ्याच होत्या.

कापसाची वेचणी संपत आली. महाशिवरात्रीच्या सुमारास जावई लोटनचा चुलतभाऊ चिंधा कापसाच्या गाड्यांबरोबर धरणगावला आला होता, तो वाट वाकडी करून निरोप द्यायला आला. "तुमले नातू व्हयना. पोरगी बरी शे."

वच्छला हातातलं टाकून उठली, नातू कुणासारखा आहे ते विचारू लागली. "कोणामायक दिसस?"

चिंधा गोंधळला. "माले काय समजस, मावशी. गोरा शे जरासा."

त्या दिवशी तिने स्वतः लाडू वळले, बाळंतिणीचा डिंक भाजला, बाळासाठी अंगडंटोपडं शिवलं. चार घरी काम परत पाठवलं. जायचा दिवस ठरला. पण लग्न तोंडावर होतं, आणि लग्नघरातून थोरली सून निघून गेली तर व्याही काय म्हणतील, असं सुकदेवने भावाला हळूच सांगितलं. रुपचंदने तिला सांगितलं, "लगीन उरकी जाऊ दे." लाडू दोंडाईच्याकडे जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवले.

लग्न झालं. वऱ्हाड निघून गेलं, मांडव उतरला. आता मात्र रुपचंदने शब्द पाळला. स्टेशनपर्यंत जायला गाडीला बैल जुंपले. वच्छलाने नवं लुगडं नेसलं. ताईबाई सुनेला कुंकू लावायला कोयरी घेऊन लगबगीने ओसरीवरून उतरली, पायरी चुकली आणि खाली पडली. कमरेचं हाड मोडलं. तिला चौघांनी उचलून आत नेलं आणि बैल पुन्हा गोठ्यात बांधले गेले.

यात कुणाला बोल लावायचा? म्हातारी वेदनेने किंचाळायची. तिला कुशीवर वळवायला, धुवायला, भरवायला वच्छलाच लागायची. दुसऱ्या सुनेचा हात लागला की ओरडायची. रात्रंदिवस ती म्हणायची, "वच्छला, मी मरसू तवय जाय. जास्ती दिन नही लागाव." आणि रोज सकाळी जिवंत असायची. मरावं असं मनात येऊ नये म्हणून वच्छला जास्तच जपायची.

थेंब संपले. पुन्हा आणले, पुन्हा संपले. तिची नजर नळकांड्यातून पाहावं तशी झाली होती. म्हातारीचं तोंड पुसताना तिला फक्त गाल दिसायचा, मग मान हलवली की हनुवटी. ते नळकांडं आठवड्यागणिक बारीक होत होतं, हे तिला कळत होतं. ती कुणाला सांगत नव्हती. सांगून काय होणार होतं?

श्रावण सरता सरता एका दुपारी बाकी सगळे निंदणीला शेतात असताना तिने धाकट्या जावेला सांगितलं, सासूजवळ बस, मी जरा येते. आणि काठी घेऊन एकटीच धरणगाव स्टेशनच्या वाटेला लागली. चिखलातून, गाडीवाटेच्या चाकोरीत पाय ठेवत ती चालली. दोनदा पडली. स्टेशनवर पोचली तेव्हा गाडी येऊन उभी होती. माणसं चढत होती, हाका चालल्या होत्या. पण दार कुठे आहे ते तिला सापडेना. ती डब्याला हात लावत लावत कडेने जात होती, तोच गाडी हलली. आमच्याच गावचा पितांबर तिथे हमाली करायचा. त्याने धावत येऊन तिला मागे ओढलं, म्हणून ती वाचली.

पितांबरनेच तिला घरी आणून सोडलं. ओसरीवर माणसं जमली होती. ताईबाई आतून रडत होती. रुपचंदने बायकोचे चिखलाने भरलेले पाय पाहिले आणि तांब्या आणून ते धुतले. अख्ख्या गावासमोर. मग सुकदेवला म्हणाला, "सकाय आम्ही जाई राहिनूत. निंदणी राहू दे नही तर बुडू दे."

आणि ते गेले. ताईबाईला त्या दिवसांत कोणी कसं सांभाळलं, ते मला माहीत नाही. पण सांभाळलं गेलं.

कौतिकाने आईला दारातच पाहिलं आणि काय झालंय ते तिच्या लगेच ध्यानात आलं. डोळ्यांचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. बाळंतिणीला कशाला घोर, म्हणून. ती बाळाला घेऊन आली, आईला उन्हात बसवलं आणि तिच्या मांडीवर त्याला ठेवलं.

वच्छलाने चेहरा वर, खाली, बाजूला फिरवला. तिला एक कान दिसला. मग पापण्या. मग हसलं की काय म्हणून खाली पाहिलं, तोवर पोराने तोंड फिरवलं होतं, आणि तिथे नुसतीच धुकट पांढरी जागा होती.

"दखाई राहिना ना, माय?" दिसतोय ना, असं कौतिकाने विचारलं.

"दखाई राहिना," वच्छला म्हणाली.

आतून कौतिकाच्या सासूने हाक मारली. ती आईच्या खांद्यावर हात ठेवून थांबली. पुन्हा हाक आली, तशी आत गेली. मग तिच्या नवऱ्याची भाकरी झाली, गाईचं पाणी झालं. त्या मुक्कामात मायलेकी एकमेकींजवळ निवांत अशा बसल्याच नाहीत. कौतिका येता-जाता म्हणायची, "आते येस मी, माय." वच्छलाला त्याचा राग आला नाही. त्या घरात कोण कुणाला अडवून धरतंय हे तिला पुरतं माहीत होतं. ती पोराला मांडीवर घेऊन ऊन जाईल तिकडे सरकत राहायची.

गावी परतल्यावर दसऱ्याच्या आत तिचा उजेडही गेला. ताईबाई पुढे कितीतरी वर्षं जगली. आंधळ्या सुनेच्याच हातचं खाऊन ती गेली. वच्छलाबाईचे घरात हाल झाले असं मी म्हणणार नाही. वेळेवर ताट मिळायचं, कुणीतरी हात धरून न्यायचं. पण तिला कुठे जायचंय का, हे कुणी विचारत नसे. कौतिका आखाजीला यायची तेव्हा पोराला बरोबर आणायची. तो मोठा होत गेला, त्याचा आवाज फुटला.

मी शाळेत जायला लागल्यावर तिला एकदा विचारलं होतं, तुला तो कसा दिसतो? ती म्हणाली, "कान शे मनाजवळ. पापण्या शेतस. तोंड मी त्याले कौतिकानं लावस, ती न्हानी होती तवयनं तोंड. पण आते आते तेबी सरकी जास."